उडालेली फुली

त्यांना साहेब म्हणावं लागतं. संकटात काय करायचं ते शिकवायला दर उन्हाळ्यात नाचणगावात येतात, ‘समजून राह्यलं ना?’ विचारतात आणि उत्तराआधीच पुढे जातात. त्यांच्या मोबाईलमधला कार्टून माणूस वीज कडाडताच झाडाखालून पळतो. एसटी स्टँडवरच्या त्यांच्याच जुन्या पोस्टरात मात्र तो झाडाखालीच उभा आहे, आणि त्याच्यावरची लाल फुली उन्हानं पार उडाली आहे.

“काढा ना ते, साहेब!” यंदा मी भांडलेच.

“व्हिडिओ आहे ना ताई, पोस्टर कोण पाह्यते?” म्हणत त्यांनी त्याच पोस्टरसमोर स्वतःचा फोटो काढून घेतला आणि ते गाडीत बसले.

तेवढ्यात आभाळ गरजलं. भाजीवाल्या बाया कडुनिंबाखाली धावल्या. मी ओरडले, तर एकीनं मलाच पोस्टर दाखवलं. “सरकारनंच तं सांगतलं हाय वं!”