बाईंचा परराष्ट्र धोरणाचा तास

आमच्या शाळेतल्या नागरिकशास्त्राच्या बाईंशी भांडणं अवघड होतं. त्या आधी आपलीच बाजू आपल्यापेक्षा चांगली मांडून दाखवत. "असंच म्हणायचंय ना तुम्हाला?" आपण मान हलवली की मगच स्वतःचं बोलत. मुलं त्यांना 'परराष्ट्रमंत्री' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

परराष्ट्र धोरणाचा धडा इतर शिक्षक वर्षअखेरीला प्रश्नोत्तरं लिहून देऊन उरकत. बाई तो शेताच्या बांधापासून सुरू करत. हिंजवडीशेजारच्या आमच्या माण गावात जमिनींना भाव आला होता. नांगरताना भावकीचा बांध दरवर्षी थोडा कोरायची खोड आता कोर्टापर्यंत जात होती. एकदा त्यांनी नववीतल्या एका मुलीला उभं केलं. तिच्या घराचं चुलत्याशी बांधावरून जुनं वैर.

"चुलत्यांची बाजू सांग."

"त्येंची कसली बाजू, बाई? चोर हायेत ते!"

"चोराची सांग."

मुलगी नखाने बाकाची कड कोरत राहिली. मग पुटपुटली, "त्येंच्या आज्यानं हिहीर खांदली व्हती म्हणं. वाटणीत ती आमच्याकडं आली."

"बस खाली. आता नकाशा उघडा. काश्मीर."

पुढच्या तासाला अर्ध्या वर्गाने भारताकडून बोलायचं, अर्ध्याने पाकिस्तानकडून, मग अदलाबदल. बाईंनी त्यासाठी आधी मला विचारलं. मी मुख्याध्यापक होतो. "जरूर घ्या," म्हणालो आणि स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसलो. आमची मुलं इतका विचार करून बोलताना मी कधी ऐकली नव्हती.

पालकसभेत त्या मुलीचे वडील उठले. "हेडसर, ही बाई आमच्या पोरीला पाकिस्तानची वकिली शिकवतीया. तुमास्नी म्हाईत व्हतं का न्हाई?"

माझी निवृत्ती जवळ आली होती. "नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांना म्हणाल्या, "सरांना विचारायचं माझ्याकडून राहून गेलं."

संस्थेने त्यांची दूर ताम्हिणी घाटाकडच्या शाळेत बदली केली. त्या निघाल्या तेव्हा मी काहीतरी सारवासारव करू लागलो. त्यांनीच मला थांबवलं. "पेन्शन अडकली असती, संस्थेने छळलं असतं. घाबरलात. असंच ना, सर?" मी मान हलवली. आता त्या स्वतःचं बोलतील म्हणून उभा राहिलो. त्या बोलल्या नाहीत. पिशवी उचलून गेल्या.

या हिवाळ्यात बाई वारल्याचं कळलं. घरात मी एकटाच असतो. वरच्या खोल्यांत हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत जाणारी भाडेकरू मुलं राहतात, त्यांना हे काय सांगणार? शेवटी त्या मुलीच्या वडिलांकडे गेलो. तेही ओट्यावर एकटेच बसले होते.

"अप्पा, त्या तासाची परवानगी मीच दिली होती. मी वर्गात होतो."

"म्हाईत हाय की," अप्पा म्हणाले. "पोरीनं त्याच दिशी सांगितलं व्हतं."

"मग सभेत विचारलंत कशाला?"

"बाईंवर लोक लई बोलाय लागलं व्हतं. तुमी व्हय म्हणला असता तर तितंच मिटलं असतं, हेडसर. आमी वाट बगत व्हतो."