पायडलावर अण्णा

चौऱ्याऐंशी साल, मे महिना. अण्णा लेल्यांची मॅटाडोर कुंभिवलीत दामूच्या अंगणात येऊन थांबली ती किंचाळतच. लेल्यांची खालापूरला लाकडाची वखार. दुसऱ्या दिवशी सगळं घर लेकीच्या, सुचेताच्या, साखरपुड्याला पुण्याला जाणार होतं. म्हणजे बोरघाट चढायचा आणि परतताना उतरायचा. नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला. दामू मोहोपाड्याच्या कारखान्यात गाड्यांवर फिटर, रविवारी घरी. म्हणून अण्णा आले होते.

दामूने जॅक लावला, मागची चाकं काढली, ड्रम ठोकून सोडवले. ब्रेकचे लायनर झिजून ते धरून ठेवणाऱ्या रिबिटा ड्रमला घासत होत्या. आणि सगळं तेलकट, म्हणजे ब्रेक घसरणारच.

"यात तेल कुनी वतलं?"

"आवाज फार करत होता रे. मालती म्हणाली, शिवणयंत्राला घालतात ते तेल घालून बघा. पाठीमागे भोक आहे ना, तिथून घातलं."

"बायको शिवनकाम करती, तिला कळलं नाय तर समजू. तुमी गाडी चालवता न्हवं?"

हे ऐकवून दामूला बरं वाटलं. पण एवढ्याने भागणार नव्हतं.

तो लेल्यांच्या वखारीत बापाबरोबर लाकडं फोडायचा तेव्हाची गोष्ट. दामूच्या लोकांनी बौद्ध धर्म घ्यायच्या आधीची. बापाला, काळूरामला, तहान लागली. तेव्हा अण्णा तरणे होते. त्यांनी लोटा आणला, काळूराम वाकला, ओंजळ तोंडाशी धरली, अण्णा वरून ओतू लागले. तेवढ्यात रस्त्याने ओळखीचा कुणी गेला. अण्णा लोटा धरून त्याच्याशी बोलत उभे राहिले. कसला तरी विनोद झाला, दोघे हसले. काळूराम रिकामी ओंजळ धरून तसाच वाकलेला. दामूच्या हातात कुऱ्हाड होती. त्याने ती खाली ठेवली. ते खाली ठेवणं त्याला आजवर टोचत होतं.

दामूने जुन्या रिबिटा उडवल्या. नवे लायनर मधून सुरुवात करून कडेपर्यंत ठोकत नेले, म्हणजे खाली पोकळी राहत नाही. चाकाजवळच्या सिलेंडरची रबरं कडक झाली होती, तीही बदलली. आता ब्रेकच्या नळीत हवा शिरलेली. ती काढायला एकाने पायडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा बारीक स्क्रू, सैल करायचं. नेहमी हे काम दामूची बायको, गंगाबाई, करी. ती पदर खोचून उठली.

"तू बस," दामू म्हणाला. "अण्णा दाबतील."

"मी?"

"गाडी तुमची हाय. बसा."

पत्रा तापून तव्यासारखा झालेला. अण्णा आत बसले.

"दाबा. दाबा. धरून ठेवा. सोडू नका म्हनलं ना! आता सोडा. परत."

लांबच्या चाकापासून सुरुवात. निपलाला नळीने जोडलेल्या बाटलीत बुडबुडे येत होते. दामू घाई करत नव्हता. बुडबुडे थांबले तरी त्याने आणखी दाबायला लावलं. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला.

"दामू, पाणी दे रे जरा."

गंगाबाईने लोटा आणि पेला आणला. दामूने पेला तिच्याकडे परत दिला.

"ह्ये काय वो?"

"त्यांच्यात पेल्यानं नाय देत. वरून देतात."

गंगाबाईने त्याच्याकडे पाहिलं. "मी नाय वतनार. तुमचं तुमी बघा." ती ओट्यावर जाऊन बसली.

अण्णा खाली उतरले. तहान अनावर झाली होती. वाकले, ओंजळ धरली. दामू वरून ओतू लागला. दोन घोट गेले आणि त्याने लोटा सरळ केला. मान वळवून चाकाकडे पाहत म्हणाला, "गंगे, जॅक नीट हाय का गं?"

गंगाबाईने मान फिरवली. अण्णा वाकलेलेच. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. मग त्यांनी मान वर केली. दामूच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना वखार आठवली. आठवली ते दामूला दिसलं.

"ओत," अण्णा हळू म्हणाले.

दामूने उरलेलं ओतलं.

मग तो परत चाकाशी गेला. अण्णांना पुन्हा पायडलावर बसवून दुसऱ्या चाकाची हवा काढली, निपल आवळलं, लायनर ड्रमला जेमतेम लागतील इतके सेट केले. चाकं चढवली, गाडी स्वतः उतारावर नेऊन ब्रेक मारला. पायडल दगडासारखं. चारी चाकं जागच्या जागी.

"झालं समाधान?" गंगाबाईने विचारलं. "मला वाटलं, आता गाडीत बी काय तरी खोट ठेवाल."

"खुळी का काय? घाटात मेला तर आजचं ध्यानात कोन ठेवनार?"

अण्णा गाडीत बसले. खिडकीशी दामू आला.

"बेलाशक जावा," तो म्हणाला. "लय वर्सं जगा, अण्णा."