मोरीत ओतलेला चहा

गवती चहाचा वास आला की धुळ्याचं आमचं स्वयंपाकघर आठवतं. ऐंशीच्या दशकात मी कॉलेजात इतिहास शिकत होते. एका सकाळी सरांनी सांगितलं, की अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला. चहा उलट स्वस्त झाला होता, पण त्यावरचा कर त्यांना न विचारता लादला होता, आणि तिथून त्यांचं इंग्रजांशी आणखीच बिनसत गेलं. घरी आले तर धरणगावचे पाहुणे मला बघायला आलेले. आईनं हातात चहाचा ट्रे दिला आणि मी सगळे कप मोरीत ओतले. वडील आत आले. "चहा कोठे शे?" "मोरीत. मला कुणी विचारलं?" वडील रिकाम्या कपांकडे बघून हळूच म्हणाले, "बरं, आते मी इचारस. पोऱ्या पसंत शे का?" मी लगेच हो म्हटलं. चहा ओतण्याआधी दाराच्या फटीतून पाहिलं तेव्हाच मुलगा आवडला होता, हे मात्र मी आमच्या ह्यांना अजून सांगितलेलं नाही.