लोडशेडिंगमध्ये तपासलेला पॅच

त्याचा कोड वाचताना माझं डोकं फिरायचं. ओळी स्क्रीनच्या बाहेर पळालेल्या, कंसाआधी कुठे जागा सोडलेली, कुठे नाही, आणि व्हेरिएबलांची नावं अशी की त्याची त्यालाच आठवू नयेत. दोन हजारच्या दशकात नाशिकमध्ये सातपूरच्या एका छोट्या कंपनीत नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लिहिणारा तो आणि तपासणारी मी, अशी आमची जोडी होती. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कॉम्प्युटर यांच्यातला दुभाष्या. मी शेरा मारायचे, "घरीपण असाच पसारा असतो का?" तो उत्तर द्यायचा, "येऊन बघ." मला तो आवडायचा. त्याला ते कळत होतं की नाही, देव जाणे.

त्या उन्हाळ्यात मालकांनी सांगून टाकलं, नव्या पॅचने, म्हणजे कोडमधल्या नव्या दुरुस्तीने, वेग वाढला तर ड्रायव्हरचं काम नाशिकला राहील, नाहीतर ते पुण्याच्या ऑफिसला जाईल, आणि कामासोबत तोही. जुना ड्रायव्हर नेटवर्कवरून आलेलं माहितीचं प्रत्येक पॅकेट उगाच दोनदा कॉपी करायचा. त्याने त्यातली एक कॉपी काढून टाकली. कोड वाचून माझी खात्री पटली, वेग वाढणारच. चाचणीचे आकडे आले, तर वेग चक्क घटलेला!

"जाऊ दे," तो म्हणाला. "पुण्यात मावशी आहे माझी."

असा संताप आला मला! माणसाने थोडं तरी भांडावं की नाही?

"जुना ड्रायव्हर कधी चालवून बघितलास?" मी विचारलं.

"सकाळी, आल्या आल्या."

"आणि नवा?"

"त्यानंतर लगेच. मध्येच लाईट गेली, पण बाकी सगळं इन्व्हर्टरवर होतं आणि हा लॅपटॉप बॅटरीवर. मग कशाला थांबू?"

लोडशेडिंग तेव्हा इतकं अंगवळणी पडलं होतं, की लाईट गेली म्हणून हातातलं काम कुणी सोडत नसे. पण बॅटरीवर गेलेला लॅपटॉप ती जास्त वेळ पुरावी म्हणून आपणहून मंदावतो. जुना ड्रायव्हर विजेवर पळाला होता आणि नवा बॅटरीवर रांगला होता.

लाईट आल्यावर दोन्ही पुन्हा चालवले. नवा पुढे. मग मी क्रम उलटा करून चालवायला लावले. मग केबल बदलून, मग दुसऱ्या लॅपटॉपवर. मालक दारात येऊन घड्याळ बघून गेले. दर वेळी नवाच पुढे. तेव्हा कुठे मी मंजुरी लिहिली, आणि त्याखाली, कंसाआधीची जागा अजून चुकते आहे, हेही लिहिलं.

"पहिल्याच खेपेला दिसलं होतं की," तो वैतागून म्हणाला. "माझ्यावर एवढाही विश्वास नाही?"

"तुझ्यावर आहे," मी म्हणाले. "तू जाऊ नयेस असं मला फार वाटत होतं. म्हणून माझ्यावरच नव्हता."

चहाला निघालेला तो परत खुर्चीत बसला.