डोन्या ऑर्तेन्सियाचा गुडघा

मदर एउलालिया जिवंत होत्या तेव्हा वियासेका गावाने त्यांच्या अंगावर कोबीचे देठ फेकले. रस्त्यावर टाकून दिलेल्या आजाऱ्यांसाठी त्यांनी सिस्टरांचा संघ काढला, तर ही बाई गावात रोगराई आणते म्हणून ओरड. आता त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, बिशपांनी त्यांच्या संतपदाच्या चौकशीला फादर पाठवले, आणि त्याच गावाला भक्तीचं भरतं आलं. जो तो म्हणे मदरना पाव देत होता! एवढे पाव आले असते, तर स्वयंपाकीण रेमेदियोसने कॉन्व्हेंटच्या चुलीवर तीस वर्षं नुसतं लसणाचं पाणी कशाला उकळलं असतं?

सगळ्यांत पुढे गावातली श्रीमंत बाईसाहेब, डोन्या ऑर्तेन्सिया. तिच्या चांदीच्या डबीत मदरच्या एप्रनचा तुकडा. तो लावला आणि वीस वर्षं धरलेला गुडघा सुटला, हा तिचा चमत्कार.

एप्रन होता रेमेदियोसचा. मदर गेल्या त्या दिवशी बायका कात्र्या घेऊन घुसल्या. संताच्या कपड्याचा तुकडा घरात हवा ना. मदरचा एकुलता एक एप्रन त्यांच्या अंगावरच शवपेटीत गेला होता. बायकांनी स्वयंपाकघरातल्या खुंटीवरचा ओढला आणि फाडला.

चौकशीच्या सकाळी नव्या मदर बिसितासियोन यांनी संघाचा पहिला नियम फादरांना मान डोलावत म्हणून दाखवला. 'मागच्या दाराची घंटा वाजली की मदरने स्वतः उघडावं, आलेल्याला आत घ्यावं, नाव नंतर विचारावं.' मग त्या स्वयंपाकघरात आल्या.

"रेमेदियोस, एप्रनचं अवाक्षर काढायचं नाही."

"बायबलवर हात ठेवून विचारलं तर?"

"तर संध्याकाळी गाठोडं बांध. या वयात कुठे जायचं ते तुझं तू बघ."

रेमेदियोसला जायला कुठेच नव्हतं. ती मदरच्या थडग्यापाशी क्षणभर गुडघे टेकून आली आणि साक्षीला उभी राहिली.

"मदर शांत होत्या?" फादरांनी विचारलं.

"कसल्या शांत! चणे करपले की कॉन्व्हेंट डोक्यावर घ्यायच्या. मग ते भांडं स्वतः घासायच्या आणि माझी माफी मागायच्या."

फादरांनी पुराव्यादाखल आलेली चांदीची डबी उघडली. "हा तुकडा त्यांचाच?"

"माझा. हे जळकं भोक चण्याच्या हंड्याचं."

दाराला कान लावून बसलेली डोन्या ऑर्तेन्सिया ताडताड आत आली. "मग माझा गुडघा कशाने बरा झाला गं?"

"दुखत होता कधी, बाईसाहेब? मदर पाव मागायला आल्या की तुमची मोलकरीण सांगायची, गुडघा धरलाय, खाली उतरवत नाही. आता मदर येत नाहीत. मग कशाला दुखेल?"

साक्ष लिहून घेता घेता फादरांनी घाईघाईने रुमाल तोंडाला लावला.

संध्याकाळी गाठोडं पुढच्या दाराबाहेर पडलं. रेमेदियोसने ते उचललं, भिंतीला वळसा घालून मागे गेली आणि घंटेची दोरी ओढली. बऱ्याच वेळाने मदर बिसितासियोन यांनी दार किलकिलं केलं.

"कोण आहे?"

"आधी आत घ्या, मदर," रेमेदियोस म्हणाली. "नाव नंतर विचारायचं असतं."