नुरिकाबेच्या हद्दीत

संपत गलांडे आमच्या कंपनीचा ड्रायव्हर, माण तालुक्यातला. इथे कतारमध्ये दुखानला जायचे असले की मी त्याचीच गाडी मागतो. तो वेळेवर येतो आणि वाटेत गप्पा मारतो.

त्या मार्चच्या सकाळी सोबत हिगाशी नावाचे जपानी इंजिनिअर होते. अर्ध्या वाटेत समोर धुळीची भिंत उभी राहिली. तपकिरी, आभाळाला टेकलेली. संपतने गाडी रस्त्याखाली वाळूत घेतली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याच्या खोलीत राहणारा परभणीचा जाफर त्या धुळीतच, थोडा पुढे अडकला होता. त्याची पिकअप उजव्या लेनमध्ये बंद पडली होती आणि बाहेर पडावे तर काही दिसत नव्हते. मागून एखादा ट्रेलर आला तर खलास.

"नुरिकाबे," हिगाशी पुटपुटले. त्यांच्या आजोळी समुद्राकाठच्या वाटेवर अशी भुताटकीची भिंत आडवी येते म्हणे. तिला वळसा घालता येत नाही. काठीने खाली, पायाशी मारले तरच ती विरते.

मी हे संपतला मराठीत सांगितले.

"आमच्या शिवंवरच्या म्हसोबाचीबी हीच रीत, राजाभाऊ. वर बघायचं न्हाय." त्याने बूट काढले, मोजेही काढले.

"अरे, वेडा की काय? हे कतार आहे!"

"मग? द्येवाच्या हद्दीत पायताण घालून शिरू? तुमी हॉर्न वाजवत ऱ्हावा."

जॅकचा दांडा घेऊन तो आत शिरला आणि दिसेनासा झाला. दोन हॉर्नच्या मधल्या वेळात रस्त्यावर आपटणाऱ्या दांड्याची टणटण ऐकू येई. मग तीही थांबली. मागून ट्रेलरची घरघर आली, आमच्या शेजारून धुळीत घुसली. पाठोपाठ पत्रा चेपल्याचा प्रचंड आवाज झाला. माझा हात हॉर्नवरच राहिला.

बऱ्याच वेळाने पुन्हा टणटण. आधी दांडा दिसला, मग संपत, मग त्याचा शर्ट धरलेला जाफर. नुसते मातीचे पुतळे. रिकाम्या पिकअपला धडकलेला ट्रेलरवालाही बचावल्याचे नंतर कळले.

"रस्त्याच्या कडंचा रंगाचा पट्टा ह्याच्या तळपायाला लागत होता," जाफर खोकत म्हणाला. "बूट असते तर आम्ही वाळवंटात गेलो असतो."

"पट्टा कसला! वाट दिली तिनं," संपत भिंतीकडे दांडा करत म्हणाला.

हिगाशी उतरून भिंतीपुढे कमरेत वाकले. मी संपतच्या रक्ताळलेल्या पायांकडे पाहत राहिलो. भिंत अजून तशीच, आभाळभर उभी होती.