दोन माणसांचा तंबू

आमच्याकडे बर्फावर बसून मासे पकडायचा तंबू आहे. आम्ही मस्कतला, वादी कबीरमध्ये राहतो.

तो मला ऑफिसातल्या एका कॅनडावाल्या साहेबाने देश सोडताना दिला. (स्वतः इथे सहा वर्षं राहून त्याने तो एकदाही उघडला नव्हता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.) पण फुकट मिळालेली वस्तू नाकारणं आमच्या घराण्यात बसत नाही. तंबू माळ्यावर गेला.

माघात सासूबाई आणि सासरे, म्हणजे नाना, दापोलीहून आमच्याकडे आले. सासूबाई माघी पौर्णिमेला समुद्रस्नान करतात. चाळीस वर्षांत त्यात खंड नाही. अट एकच, ओलेत्याने गाडीत बसणार नाही, तिथेच आडोशाला कोरडी साडी नेसणार. नाना बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, आणि गेली बारा वर्षं ते माझ्याकडे, उद्घाटनाआधीच भेग पडलेल्या पुलाकडे पाहावं तसं पाहतात. म्हणून भर जेवणात मी छातीठोकपणे सांगून टाकलं, की आडोशाचं माझ्याकडे लागलं.

तंबूच्या पिशवीवर चित्र होतं. आत दोन माणसं, अंगात हे जाड कोट. माझी अकरा वर्षांची मुलगी ईरा म्हणाली, "बाबा, टू पर्सन्स लिहिलंय." मी तिला समजावलं, की कोट काढले तर तेवढ्याच जागेत पाच मावतील. शिवाय कोट घालून बसलेत म्हणजे तंबू आतून किती गार राहत असेल बघ! (मी इंजिनियर आहे. हे कुणाला सांगू नका.)

पौर्णिमा नेमकी शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी आली. आम्ही पाचजण यितीच्या किनाऱ्यावर पोचलो. तंबू फटाफट उघडला. नाना 'हं' म्हणाले. बारा वर्षांतला तो पहिला 'हं', मला भरून आलं.

मग वारा सुटला. तंबूच्या खुंट्या म्हणजे बर्फात पिळून बसवायचे हातभर लांब स्क्रू. वाळूत ते जेवढ्या प्रेमाने आत गेले तेवढ्याच प्रेमाने बाहेर आले. तंबू टुणकन उडी मारून चार पावलं मत्रह बंदराच्या दिशेने सरकला. मी म्हटलं, वजन ठेवू. वीस लिटरचा पाण्याचा बाटला, गॅसची शेगडी, साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं, चार घडीच्या खुर्च्या, आइसबॉक्स, सगळं आत ढकललं. तरी एक कोपरा उचललाच जाई. म्हणून माझी बायको सुजाता तिच्या आईला घेऊन समुद्रात उतरल्यावर उरलेले आम्ही तिघंही वजन म्हणून आत बसलो.

नाना खुर्चीत, मी बाटल्यावर, ईरा आइसबॉक्सवर, तिचे पाय माझ्या मांडीवर आणि पातेलं नानांच्या मांडीवर. तंबूला रजईसारखं अस्तर, बाहेरून काळाकुट्ट रंग. दहा मिनिटांत खिचडी पुन्हा गरम झाली. नाना एकटक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नाकावरून घाम खिचडीच्या झाकणावर ठिबकत होता.

तेवढ्यात स्नान आटोपून सासूबाई आल्या. चिंब भिजलेल्या, वाऱ्याने कुडकुडत.

"बाहेर या सगळे," सुजाता म्हणाली.

"आम्ही बाहेर आलो तर तंबू उडेल."

"मग आईने साडी कुठे बदलायची?"

"आत."

"तुमच्यासमोर?"

ज्यांच्यासाठी आडोसा उभा केला त्या बाहेर गारठत होत्या आणि आडोशात आम्ही उकडून निघत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षांचं व्रत, आणि ते माझ्या इंजिनियरिंगपायी सर्दीवर संपणार होतं.

शेवटी निर्णय झाला. माणसं बाहेर, सामान बाहेर (नाहीतर सासूबाई निऱ्या कुठे घालणार?), आणि तंबूच्या तळाला जी कापडी झालर असते तिच्यावर घरातलं सर्वात जड माणूस. घरातलं सर्वात जड माणूस कोण, यावर चर्चा झाली नाही.

मी वाऱ्याच्या बाजूला झालरीवर पालथा पडलो. नजर साहजिकच वाळूकडे, कारण मान वर करणं जावयाला शोभलं नसतं. तंबू माझ्या पाठीवर धपाधप आपटत होता, पण हलला नाही. म्हटलं, हात तुटले तरी चालतील, आईंची साडी नीट नेसून झालीच पाहिजे. नऊवारीला वेळ लागतोच.

बऱ्याच वेळाने कानाशी एक ओमानी आजोबा वाकले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "सदीक, दोस्त, तुम ठीक है?"

"बाबा, उधर मत जाओ," मी वाळू थुंकत म्हटलं. "अंदर अम्मा है."

"अम्मा?" आजोबांनी पलीकडे हात केला. "अम्मा तो उधर खाना खाती है."

मी मान वळवली. खडकाच्या आडोशाला कोरड्या नऊवारीत सासूबाई मजेत खिचडी खात होत्या, सुजाता वाढत होती, ईरा मोबाइलवर माझा व्हिडिओ काढत होती. मी धरून ठेवलेल्या तंबूत कुणीच नव्हतं.

नाना तेवढे उठून माझ्याजवळ आले. तंबूभोवती त्यांनी एक पूर्ण फेरी मारली, झालर पायाने दाबून पाहिली आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी सबंध वाक्य बोलले.

"जावईबापू, पिशवीवर बरोबर लिहिलंय. तंबू दोन माणसांचाच आहे. एक आत आणि एक खाली."